विहिरीच्या पाण्याला यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) लावलाय का कुणी? (फोंडा, जांभ्यातली विहीर, लोखंड आहे)

मागीलदार | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही फोंडा तालुक्यात. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, मागीलदारी चिऱ्यांनी बांधलेली बांय (विहीर), पस्तीसेक फूट खोल, मे महिन्यात सुद्धा सात-आठ फूट पाणी असतं. नळ आहे, ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं, पण पिण्याला आणि चहाला आमच्याकडे बांयचंच, सासूबाईंना दुसरं चालत नाही. तर गेल्या जुलैमध्ये मी आणि आमचे हे दोघंही आठवडाभर जुलाबाने आडवे, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला पाणी कुठलं. दोन वर्षांमागे शेजारच्या प्लॉटमध्ये एक मोठा व्हिला झालाय, त्यांचा सोक पिट (संडासाचं पाणी जिरवायचा खड्डा) आमच्या कुंपणाला लागून, बांयपासून मी पावलं मोजली तर वीस-बावीस भरली.

मुलगी गणेश चवथीनंतर बाळंतपणाला येतेय, त्याच्याआधी काहीतरी पक्कं करायचंय. एक सेल्समन येऊन गेला, त्याने आमच्या पाण्यात दोन कांड्या घालून वीज सोडली, दोन मिनिटांत पाणी चिखलासारखं झालं, मी तर घाबरलेच, आणि म्हणाला आरओ प्लस यूव्ही प्लस कॉपर प्लस अल्कलाईन, बावीस हजार. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतो काही नको, पंपाच्या लाईनवर यूव्हीची नळी बसवतो, साडेसहा हजारात अख्खं घर शुद्ध. कुणाचं ऐकू?

पंपवालो | १२ मे, रात्री १०:०५

दोघांचंही नको. आधी सांगा पाणी तांबडं होतं का. म्हणजे काढल्यावर स्वच्छ आणि बादलीत ठेवलं की संध्याकाळपर्यंत पिवळट, तसं? बाथरूमच्या पांढऱ्या टाईल्सवर डाग? चहा काळपट होतो?

मागीलदार | १२ मे, रात्री १०:११

तिन्ही हो!! चहा तर शाईसारखा, आम्हाला वाटायचं चहापावडर बदलली म्हणून.

पंपवालो | १२ मे, रात्री १०:१४

मग यूव्ही एकटा लावू नका. उद्या लिहितो, आता झोप.

कोपऱ्यातला_कासव | १२ मे, रात्री ११:३०

आमच्या आज्याने बांयत कासव सोडलेलं, तोच आमचा फिल्टर. लाईट बिल शून्य 😄

प्रयोगवही | १३ मे, सकाळी ७:२०

मागीलदार ताई, निवृत्त शिक्षिका आहे, तीस वर्षं रसायन शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिलं त्या कांड्यांचं. त्यातली एक कांडी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड त्या कांडीतूनच सुटतं आणि त्याचा गंज म्हणजे तो चिखल. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात पाण्याची घाण कुठेच दिसत नाही, दिसते ती कांडी. चांगल्या मिनरल वॉटरच्या बाटलीत घाला, तेही चिखल होईल. पुढच्या वेळी आला तर हाच प्रयोग त्याच्याकडून करून घ्या, चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळात हलकं असतं, क्षार कमी आणि किंचित आंबट. आरओ खारट पाण्यासाठी. २०१९ मध्ये हरित लवादाने सुद्धा म्हटलेलं की टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ नको, मग ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं ते वेगळं. तुमचं शंभराच्या आतच निघेल बघा. त्यात आरओ लावणं म्हणजे धुतलेल्या तांदळाला परत धुणं, आणि वर दोन-तीन बादल्या पाणी गटारात. आणि 'कॉपर' तर अजिबात नको, आंबट पाणी तांब्यात राहिलं की तांबं सोडवून घेतं, हिरवे डाग पडतात ते त्याचेच.

आता यूव्ही. ती पाऱ्याच्या वाफेची ट्यूब असते, तिचा प्रकाश मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. जंतूंच्या डीएनएमध्ये शेजारशेजारचे थायमिन असतात ते या प्रकाशाने एकमेकांना चिकटतात, मग जंतूला स्वतःची नक्कल काढता येत नाही. म्हणजे तो लगेच मरतो असं नाही, पण वाढू शकत नाही, आणि न वाढणारा जंतू पोटात जाऊन काही करू शकत नाही. जियार्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम, ज्यांना क्लोरीन फारसं काही करत नाही, ते यूव्हीपुढे पटकन गारद होतात. पण हे सगळं प्रकाश जंतूपर्यंत पोचला तर. पाण्यात गाळ असेल, लोखंड असेल, तर जंतू सावलीत बसून निवांत पलीकडे जातो.

लोखंड लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर यूव्हीच्या आधी ते काढायलाच हवं. तेव्हा आधी पाणी तपासा. लोखंड, पीएच, टीडीएस, गढूळपणा, नायट्रेट आणि ई. कोलाय, एवढं पुरे.

सत्तरीचो_भुरगो | १३ मे, सकाळी ९:०२

बाईंना +१, आणि माझा अनुभव ऐका म्हणजे साडेसहा हजार वाचतील. मी अगदी हेच केलं होतं, बांयवरून पंप, पंपावरून टाकी, मध्ये यूव्हीची नळी, प्री-फिल्टर वगैरे काही नाही, लावणारा म्हणाला गरजच नाही. निळा उजेड रोज दिसायचा, आम्ही खुश. चार-पाच महिन्यांनी मुलीला कावीळ झाली. पाण्यानेच झाली की बाहेर कुठे खाल्ल्याने ते देव जाणे, पण मी नळी उघडली तर आतली काचेची बाही, जिच्यात ट्यूब असते, ती बाहेरून चॉकलेटी. नखाने खरवडली तर गंज. म्हणजे चार महिने आम्ही चॉकलेटच्या कागदात गुंडाळलेला दिवा लावून बसलो होतो. निळा उजेड दिसत होता तो टोकाकडच्या झाकणातून, त्या उजेडाचा आणि जंतू मरण्याचा काही संबंध नाही हे मला तेव्हा कळलं.

पंपवालो | १३ मे, दुपारी १:१५

हेच लिहिणार होतो. त्या बाहीला क्वार्ट्झची काच लागते, साधी काच हा प्रकाश अडवते. मी बघितलंय, फुटली म्हणून कुणीतरी साधी काचेची नळी घातलेली, दिवा मस्त जळतोय आणि काम शून्य. बाही साफ करायला लिंबूफूल पाण्यात विरघळवून त्यात अर्धा तास बुडवा, आपलं माडाचं व्हिनेगर पण चालतं. तारेची घासणी लावायची नाही, ओरखडे पडतात. हाताचे ठसे पण नकोत, स्वच्छ फडक्याने पकडा.

आणि ट्यूब साधारण ९००० तास, म्हणजे सतत चालू ठेवली तर एक वर्ष. वर्षानंतरही ती जळतच राहते, निळी दिसतेच, पण यूव्ही उतरलेला असतो. लोक सांगतात "अजून गेली नाही हो". गेली नाही पण आहे पण नाही. कॅलेंडरवर लिहून ठेवा, चवथीला बसवली तर पुढच्या चवथीला बदला.

अजून एक, दिवा चालू असताना उघडून बघायचं नाही. माझ्याकडच्या पोराने एकदा बघितलं, रात्री डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं, वेल्डिंगवाल्यांना होतं ना तसं. आणि ट्यूब फुटली तर झाडूने झाडायची नाही, आत पारा असतो, खिडक्या उघडा आणि ओल्या कागदाने टिपून बंद डब्यात.

खाजनकाठ | १३ मे, दुपारी ४:४८

आम्ही सासष्टीत, बांयचं पाणी एप्रिलनंतर मचूळ. आम्हाला यूव्ही चालेल का?

प्रयोगवही | १३ मे, संध्याकाळी ६:३०

जंतूंसाठी चालेल, मीठ तसंच राहील. यूव्ही पाण्यातून काहीच *काढत* नाही हे लक्षात ठेवा. मीठ, नायट्रेट, कीटकनाशक, लोखंड, सगळं जसंच्या तसं पलीकडे येतं. तुमच्याकडे आरओ योग्य.

डिचोलीकर७१ | १३ मे, रात्री ८:२०

आमच्या भागात खाणी चालू होत्या तेव्हा पावसात बांयचं पाणी मातीच्या रंगाचं यायचं. तिथे यूव्ही काय करणार, तिथे सूर्य आणून ठेवला तरी पलीकडे उजेड पडला नसता.

एक_घोट | १३ मे, रात्री १०:१२

थोडं अवांतर. यूव्हीने पाणी शुद्ध करायचा खटाटोप जुना आहे, फ्रान्समधल्या मार्सेय शहराने १९१० मध्येच करून बघितला होता, मग क्लोरीन स्वस्त पडतं म्हणून मागे पडला. आणि आपला माणूस पण यात आहे, अशोक गाडगीळ, मुंबईत शिकलेले, नंतर अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत. १९९२-९३ मध्ये बंगालकडे कॉलराची नवीनच जात पसरली होती, त्यावरून त्यांनी गावांसाठी स्वस्त यूव्ही यंत्र बनवलं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ट्यूब पाण्यात बुडवलेलीच नाही, पन्हळीतून पाणी वाहतं आणि दिवा वर टांगलेला. म्हणजे वर जी चॉकलेटची भानगड झाली ती होतच नाही. घरगुती मशीनमध्ये हे का करत नाहीत कुणास ठाऊक.

पंपवालो | १३ मे, रात्री १०:३०

कारण घरात लोकांना नळ सोडला की प्रेशरने पाणी पाहिजे.

मागीलदार | २६ मे, सकाळी ११:०५

रिपोर्ट आला! निर्जंतुक बाटली त्यांनीच दिली होती, बर्फात ठेवून दोन तासांत पोचवली.

टीडीएस ६४ (बाई, तुम्ही बरोबर होता), पीएच ५.९, लोखंड ०.९, नायट्रेट ३१, ई. कोलाय: आढळले. शेवटच्या ओळीला लाल खूण. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या "म्हाका केन्नाच कितें जालें ना".

प्रयोगवही | २६ मे, दुपारी १२:४०

ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको, म्हणजे मैला पोचतोय. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे, तुमचं ३१, मर्यादेत आहे पण माझ्या डोळ्यांना खटकतंय. आजूबाजूला खताची शेती नसेल तर हे येतंय कुठून? आणि आत्ता मे आहे, पावसात सोक पिट भरला की बघा. पंधरा मीटर अंतर ठेवा असं सांगतात, पण जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, त्यात फटी असतात, पाणी गाळत गाळत न येता थेट धावत येतं. व्हिला तुमच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या?

मागीलदार | २६ मे, दुपारी १२:५२

वरच्या 😔 मालक दिल्लीला असतात, केअरटेकर म्हणतो साहेबांना सांगतो.

प्रयोगवही | २६ मे, दुपारी १:१०

मग लेखी पंचायतीला द्या, तारीख घालून, रिपोर्ट जोडून. यूव्ही लावला म्हणून हे सोडू नका, कारण जंतू यूव्ही थांबवेल पण नायट्रेट नाही, आणि उकळून तर नायट्रेट उलट दाट होतं. बाळ आईच्या दुधावर असेल तर चिंता नाही. वरचं दूध पाण्यात कालवायची वेळ आली, तर सहा महिन्यांपर्यंत त्याला नायट्रेट तपासलेलंच पाणी, ऑगस्टमध्ये परत तपासा.

पंपवालो | २६ मे, रात्री ९:३५

ठीक, आता मशीनचं. क्रम असा ठेवा, उलटा केला तर पैसे पाण्यात.

टाकीत पाणी पडतं तिथे पाईपाच्या तोंडाला शॉवर लावा, फवाऱ्यात हवा लागते, विरघळलेलं लोखंड गंज होऊन खाली बसतं. पण तुमचं पाणी आंबट, ५.९ ला ते काम फार हळू होतं, म्हणून मध्ये एका ड्रममध्ये संगमरवराची बारीक खडी भरा, पाणी त्यातून गेलं की आंबटपणा मरतो. मग रात्रभर टाकीत निवळू द्या, मग वाळूचा फिल्टर, मग पाच मायक्रॉनचं काड्रिज, आणि मग यूव्ही, तोही किचनच्या नळाला, टाकीच्या आधी नाही. यूव्हीने शुद्ध केलेलं पाणी टाकीत टाकलंत तर टाकीतली घाण त्याला परत लागणार, क्लोरीनसारखं त्याचं मागे काही उरत नाही. अख्ख्या घराला कशाला, भांडी आणि संडासच्या फ्लशला शुद्ध पाणी?

डोस विचारून घ्या, ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर असं लिहिलेलं पाहिजे आणि ते किती लिटरला ते पण. मिनिटाला दोन लिटरचं मशीन आणि नळ सहा लिटरने सोडला तर पाण्याला ऊन खायला वेळ मिळत नाही. आणि दिवा बंद पडला की पाणी बंद करणारा व्हॉल्व आत असलेलंच घ्या. आपल्याकडे पावसात लाईटचं काय होतं ते सांगायला नको, चोक उडतो आणि पाणी तसंच वाहत राहतं, कुणाला पत्ता नाही.

पावसाच्या आधी बांय उपसा आणि ब्लीचिंग पावडर घाला. हिशोब: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ०.७८५, तेवढे हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी धरलं तर साधारण २८ हजार लिटर, ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने बांयत सोडून वर-खाली हलवा. रात्री घाला, सकाळपर्यंत उपसू नका.

कोपऱ्यातला_कासव | २६ मे, रात्री ९:५०

घालायच्या आधी कासव बाहेर काढा प्लीज.

मागीलदार | १६ जून, सकाळी ६:४५

पंपवालो दादा, घात झाला!! काल रात्री ब्लीचिंग घातलं, तुम्ही सांगितलं तसंच, आणि आज सकाळी बांयचं पाणी लाल! अक्षरशः चहासारखं. हे माझ्यावर ओरडताहेत. काय चुकलं?

प्रयोगवही | १६ जून, सकाळी ७:०५

काही चुकलं नाही, घाबरू नका. क्लोरीनने लोखंडाचा एका रात्रीत गंज केला, जो एरवी बादलीत दिवसभराने व्हायचा. दोन-तीन दिवसांत खाली बसेल. फक्त एक, लोखंडाने बरंच क्लोरीन खाल्लं असणार, म्हणजे जंतूंच्या वाट्याला कमी आलं. थोडं निवळल्यावर परत एकदा घाला आणि तासाभराने क्लोरीनची पट्टी बुडवून बघा, लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवं. आणि तोवर पिण्याचं पाणी उकळून, खळखळून एक मिनिट.

पंपवालो | १६ जून, सकाळी ८:३०

हे सांगायचं राहिलं माझ्याकडून, सॉरी ताई. साहेबांना पण सॉरी सांगा.

सत्तरीचो_भुरगो | १६ जून, सकाळी ९:१५

आमच्याकडे असंच झालेलं तेव्हा शेजारणीने देवचाराला (राखणदाराला) नारळ ठेवायला सांगितला होता.

मागीलदार | २२ सप्टेंबर, रात्री ९:२०

चवथ झाली, लेक आली, आता निवांत लिहिते.

सगळं बसवलं, वरच्या क्रमाने. संगमरवराची खडी मूर्ती करणाऱ्या एकाकडे फुकट मिळाली, धुवायला मात्र अर्धा दिवस गेला. एकूण खर्च यूव्ही धरून अकरा हजारांच्या आत. परत तपासलं, लोखंड ०.१, पीएच ६.९. चहा पहिल्यांदा चहाच्या रंगाचा झाला, ह्यांनी कप उचलून उजेडात धरून बघितला.

आता गंमत. बाईंनी व्यक्तिगत निरोपात ती काळी पडणारी बाटली सुचवली होती, हायड्रोजन सल्फाईडची, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या लोकांनी १९८२ मध्ये काढलेली पद्धत. पाणी भरून ठेवायचं, मैल्याचे जंतू असले तर एक-दोन दिवसांत काळी होते. मी तीन आणल्या. एक बांयच्या पाण्याची, एक यूव्हीच्या नळाची, एक पिण्याच्या माठातली. बांयची दुसऱ्या सकाळी काळी. नळाची दोन दिवस झाले तरी स्वच्छ. आणि माठातली... काळी!!

माठात नळाचंच पाणी भरतो. मी दोन दिवस डोकं धरून बसले, मशीनवाल्याला फोन करणार होते, मग ओसरीवर बसून नुसतं बघत राहिले. सासूबाई बांयवर जातात, कळशी भरून आणतात, देवाला पाणी घालतात, आणि त्याच लोट्याने माठातलं पाणी काढून पितात. दिवसातून पाच-सहा वेळा, हात मनगटापर्यंत आत.

प्रयोगवही | २२ सप्टेंबर, रात्री ९:४१

वा! शाळेत असतं तर पूर्ण गुण दिले असते. माठ घासून, उकळत्या पाण्याने विसळून, दोन दिवस उन्हात. आणि नळ असलेला माठ घ्या, हात जाताच कामा नये. नायट्रेटचं काय झालं?

मागीलदार | २२ सप्टेंबर, रात्री ९:५८

ऑगस्टमध्ये ३८. पंचायतीत अर्ज दिलाय, पाहणी करून गेले, पुढची तारीख नवरात्रीनंतर. बाळासाठी नळाचं ओपाचं पाणी उकळून ठेवायचं असं ठरवलंय, लेकीच्या डॉक्टरांनाही विचारलं.

पंपवालो | २२ सप्टेंबर, रात्री १०:०३

ट्यूब कधी बसवली ती तारीख लिहिली का कॅलेंडरवर?

मागीलदार | २२ सप्टेंबर, रात्री १०:१०

लिहिली, मशीनवर सुद्धा मार्करने. नळाचा माठ पण आणला. सासूबाईंनी बघितला आणि स्वतःचा जुना माठ उचलून देवघराशेजारी नेऊन ठेवला, त्यात बांयचं पाणी. आता घरात दोन माठ आहेत, आणि पाहुणे आले की त्या आधी आपल्या माठातलं देतात.